शनिवारचे सर

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरची बेल बिघडलेलीच बरी, असं मला वाटायला लागतं. मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. निकालापासून गणपती बसेपर्यंत मात्र मी शिक्षिका नसते, चौकशीची खिडकी असते. ओळखीचे येतात, ओळखीच्यांच्या ओळखीचे येतात, भाजीवालीचा दीर येतो. प्रश्न तेच. कम्प्युटर घ्यावं की एआय? पुणं बरं की लातूर? बीएस्सीला काही स्कोप आहे का? ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं ते पोरगं शेजारी मोबाईलमध्ये मान घालून बसलेलं असतं. त्याला विचारलं, बाळा, तुला काय आवडतं, की वडील उत्तर देतात.

मी पण काहीतरी उत्तर देते. आदल्या वर्षीचे कटऑफ सांगते, चहा करते, माणसं समाधानानं जातात. दार लावताना दर वेळी मनात येतं, आमच्या फिजिक्सच्या सरांनी हे ऐकलं असतं तर मला स्टाफरूममधून बाहेर काढलं असतं.

सर माझ्यापेक्षा बरेच सीनियर. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचे केस पांढरे झालेले होते. गाव किल्लारीकडचं, भूकंपात पडलेलं. कुठल्याही खोलीत शिरले की बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायचे, मग बसायचे. माझ्या लग्नात कार्यालयाच्या खांबावर टकटक करताना माझ्या सासऱ्यांनी त्यांना पाहिलं आणि विचारलं, हे इंजिनिअर का? मी म्हटलं, नाही, किल्लारीचे. सासऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही.

अंगात बाराही महिने हाफ स्वेटर. मेमध्ये नांदेडला रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही. कारण विचारलं की म्हणायचे, "खिसे लई हायत ह्याला, मॅडम." त्या खिशांत खडू, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर आणि शेंगदाणे एकत्र असायचे. शेंगदाण्यांना खडूचा वास यायचा. ते आम्हाला देत, आणि आम्हाला खावे लागत.

कॉलेज निवडण्याच्या बाबतीत ते जगावेगळे होते. बाकी सगळे कागदावर बघून सांगत. सर स्वतः जाऊन बघून येत. उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं गावी जातात, देवाला जातात. सर एसटीनं कॉलेजं बघत हिंडायचे. जिथे जातील तिथे आधी भिंत वाजवायची, मग पाणी प्यायचं, मग शिपायाला म्हणायचं, संडास कुठंय. मुलींचं स्वच्छतागृह आतून बघता येत नाही म्हणून एका उन्हाळ्यात वहिनींना सोबत घेऊन गेले. वहिनी आल्यावर मला म्हणाल्या, "लोकांच्या बायका सुट्टीत महाबळेश्वर बघतात. मी काय बघून आले, सांगू का?"

ते म्हणत, "गेटवर सगळेच पैसा लावतेत. गेटमधी पोरगं किती वेळ ऱ्हातंय? संडास बघा, लॅबच्या टेबलावरची धूळ बघा. आन् लायब्ररीतलं एक पुस्तक काढून बघा, मागच्या पानावर कुणाची तारीख पडलीय का."

एकदा धर्माबादहून एक मिरचीचे व्यापारी मुलाला घेऊन आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आवाज मोठा. म्हणाले, पुण्यातलं एक नंबरचं कॉलेज सांगा, बाकी आम्ही बघून घेतो. सरांनी विचारलं, "शेठ, मिरची घेताना काय करता?"

"मोडून बघतो. वास घेतो. पोत्याच्या तळातली काढतो, वरचा माल सगळेच चांगला लावतात."

"मग कॉलेज का पोत्यावरचं नाव वाचून घ्यायलाव?"

शेठजी हसले, पण गोष्ट मनावर घेतली. मुलाला गाडीत घालून पुण्याला गेले आणि तिकडून फोनवर भडकले, "सर, खामखा पाठवलं तुम्ही! सुट्ट्या चालू आहेत, सगळीकडे लॅबला कुलपं. एका ठिकाणी तेवढे दोघं जण काहीतरी ठोकत बसलेत."

"मग तिथंच घ्या की," सर म्हणाले.

मुलांना मात्र ते एकच प्रश्न विचारायचे. तुला काय उघडून बघायला आवडतं? टक्के नंतर, ब्रँच नंतर. कुणी म्हणायचं सायकल, कुणी म्हणायचं बेडूक. एक मुलगा म्हणाला, "काहीच नाही सर." त्याचे मार्क फार चांगले होते. सर त्या दिवशी डबा न खाता बसले. मी म्हटलं, मार्क चांगले आहेत ना, मिळेल कुठेही. ते म्हणाले, "मिळंल की. त्याचंच वाईट वाटायलंय."

सर रिटायर झाले त्याच वर्षी एक मुलगी आली. भोकरची. वडील वीज कंपनीत लाइनमन, आई अंगणवाडीत. नात्यागोत्यात शिकलेले बरेच. एक मामा तहसीलमध्ये, एक मावशी नर्स. पण इंजिनिअर कुणी नव्हतं. मुलगी आमच्याच कॉलेजची, बारीक, चष्मा लावणारी, वर्गात कधी बोललेली मला आठवत नव्हती. सीईटीला मार्क असे पडले होते, की पुण्यात बऱ्यापैकी ठिकाणी कम्प्युटर मिळत होतं.

सरांनी आपला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मिक्सर. घरचा दोनदा उघडला. एकदा लागला परत."

"आन् दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा आईनं नवा आणला."

सरांनी स्वेटरमधून शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिला इलेक्ट्रिकलला जायचं होतं. वडिलांना ते अजिबात नको होतं. ते खुर्चीच्या टोकावर बसले होते, हात मांडीवर. शांतपणे म्हणाले, "सर, मी जिंदगी खांबावर काढली. माझ्यासोबतचे दोन जण गेले तारेला चिकटून. पोरीनं एसीमध्ये बसावं, एवढंच हाय माझं."

"पप्पा, इंजिनिअरला खांबावर चढावं लागत नाही."

"खाली उभं राहून दुसऱ्याला चढवावं लागतंय. ते जास्त वाईट."

मग सर म्हणाले, आपण आधी बघून येऊ, भांडण नंतर करू. आणि खरंच, ते बापलेकीला घेऊन लातूरला निघाले. माझं माहेर लातूरचं, मीही त्यांच्यासोबत एसटीत बसले.

लातूरला तसं कॉलेजांना तोटा नाही. ज्या कॉलेजात आम्ही शेवटी गेलो ते गावाबाहेर, रस्त्याला लागून. नाव सांगत नाही. भिंत वाजवून झाली, पाणी पिऊन झालं. इलेक्ट्रिकल मशिन्सच्या लॅबमध्ये एक तरुण लेक्चरर फरशीवर मांडी घालून बसला होता, पुढे उघडलेली मोटार, हात कोपरापर्यंत काळे. आम्हाला बघून उठला नाही. मुलीला म्हणाला, "तो पाना दे गं जरा." तिनं दिला. मग तीही खाली बसली. ते दोघं त्या मोटारीत डोकं घालून काय काय बोलत होते ते मला कळलं नाही, पण एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. वडील दारात उभे. बराच वेळ त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, तुमचं काय म्हणणं?"

"हितं घ्या," सर म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

पुण्याचं कम्प्युटर सोडून लातूरचं इलेक्ट्रिकल घेतलं, हे ऐकून तिच्या तहसीलमधल्या मामानं महिनाभर बोलणं टाकलं. आमच्या स्टाफरूममध्येही कुजबुज झालीच. सरांना त्याचं काही नव्हतं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. ती आत्याकडे लातूरला राहायची, अधूनमधून सरांना फोन करायची. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फोन आला. तो लेक्चरर हैदराबादला नोकरी लागून निघून गेला होता. त्याला तरी काय म्हणणार, त्यालाही घरदार होतं. त्याच्या जागी कुणी आलं नाही. मशिन्सच्या लॅबला कुलूप लागलं. कुणीतरी येऊन भिंतीवर स्लाइड दाखवायचा, मुलं मोबाईलवर त्यांचे फोटो काढायची, झाला तास.

ती रडली नव्हती, तक्रारही केली नव्हती. नुसतं सांगितलं होतं. सर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"मॅडम, मी माणूस बघितला आन् कॉलेज सांगितलं. माणूस उठून गेला."

मी म्हटलं, यात तुमचा काय दोष? हे कुणाला आधी कळणार होतं?

"मला कळायला पाहिजे होतं. एकाच माणसावर उभी हाय लॅब, हे बघायला पाहिजे होतं. मी भिंत वाजवीत बसलो." मग म्हणाले, "डोळे झाकून घ्या म्हणालो त्यास्नी. मी! डोळे झाकून!"

मला वाटलं, हळहळतील आणि विसरतील. आपण तेच करतो. सरांनी मशिन्सचं जाडजूड पुस्तक आणलं आणि अभ्यासाला बसले. फिजिक्स वेगळं, मोटारी वेगळ्या. त्या वयात थ्री-फेज डोक्यात शिरेना, चिडायचे. भाजी घ्यायला निघाले असले तरी आमच्या गेटशी थांबून रोटरबद्दल बोलायचे. मी म्हणायची, सर, मी केमिस्ट्रीची. "ऐका हो नुसतं," म्हणायचे, "बोलल्यावर मला कळतंय."

आणि मग एका शनिवारी लातूरला जाऊन थेट प्रिन्सिपॉलपुढे उभे राहिले. म्हणाले, मी शिकवतो, काही देऊ नका. फुकट येतोय म्हटल्यावर प्रिन्सिपॉलनं नाही म्हटलं नाही. लॅबची किल्ली मिळाली.

दर शनिवारी पहाटेची गाडी धरायची. लोहा, अहमदपूर, लातूर. दिवसभर शिकवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. गुडघे आधीच दुखत होते, त्या रस्त्यानं पार कामातून गेले. वहिनी म्हणाल्या, "लोक रिटायर होऊन घरी बसतात, हेच तेवढे कामाला लागलेत." सोमवारी कधी भेटले तर चेहरा उतरलेला, पाय सुजलेले. मी विचारायची, किती दिवस हे? ते नुसतेच हात हलवायचे. आनंदानं करत होते असं मी म्हणणार नाही. पोरांचं कौतुक, शिकवण्याचं समाधान, असलं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. ओझं उचललंय आणि खाली ठेवायला जागा नाही, असा माणूस दिसतो तसे ते दिसायचे.

पुढच्या वर्षी कॉलेजात तपासणीची समिती यायची होती. त्या दिवशी काय झालं ते मुलीनंच मला सांगितलं. त्या शनिवारी सर लॅबकडे गेले तर एका केबिनच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी. नाव, खाली प्राध्यापक. आत टेबल, खुर्ची, फुलदाणी. प्रिन्सिपॉल म्हणाले, सर, आज फक्त इथे बसा, पाहुणे येतील, दोन शब्द बोलतील, संपलं. मुलं आधीच घाबरलेली. सर गप्प बसले तर लॅब उघडी राहणार होती, हे सगळ्यांना कळत होतं. सरांनाही.

समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, "किती वर्षं आहात इथे?"

"शनिवारी असतो," सर म्हणाले.

प्रिन्सिपॉल मोठ्यानं हसले. "आमचे सर विनोदी आहेत." ते गृहस्थही हसले.

"विनोद न्हाई. मी हितला न्हाई. ही पाटी आज लागली. लॅबला माणूस न्हाई, मी येतो त्या दिवशीच कुलूप निघतंय. पोरांना विचारा."

पोरांना कुणी विचारलं नाही. जेवणाची वेळ झाली होती. पाहुणे जेवायला गेले, जेवून पुण्याच्या गाडीत बसले आणि काही दिवसांनी कॉलेजला मंजुरी आली. पुढच्या शनिवारी वॉचमननं सरांना गेटवर अडवलं. तो बिचारा ओशाळला होता, बसायला स्वतःची खुर्ची देत होता.

मुलगी चिडली. तिनं गेटच्या बाहेर, सगळ्या मुलांसमोर सरांना विचारलं, "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं सर? आपली लॅब तरी राहिली असती."

"हाव," सर म्हणाले, "राहिली असती."

तेवढंच. समजावलं नाही, सत्याबित्यावर भाषण केलं नाही. उभे राहिले उन्हात, स्वेटर घालून. तिचा राग कमी झाला नव्हता, पण ती म्हणाली, "आमच्या आत्याच्या वस्तीत विहार आहे. शनिवारी हॉल रिकामा असतो. विचारू का?"

विहारातल्या वडीलधाऱ्यांनी हो म्हटलं. एक फळा मिळाला. मशीन नव्हतं, म्हणून सर मुलांना मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात घेऊन जात आणि जळालेल्या मोटारी दाखवत. काही मुलं गळाली, काही टिकली. एका सेमिस्टरला मुलीचा एक विषय राहिला. तिच्या मामानं तेवढ्यावरून पुन्हा सगळं उगाळलं. तिनं तो विषय काढला. अशी ती वर्षं गेली. गेली, एवढंच म्हणता येईल.

ती पास झाली तेव्हा पेढे घेऊन वडिलांबरोबर सरांकडे आली. मी तिथेच होते. कॅम्पसला कुठली कंपनी आली नव्हती. नोकरी नव्हती, पुढं काय ते ठरलं नव्हतं. तरी वडिलांनी नवा शर्ट घातला होता. ते सरांच्या पाया पडायला वाकले, सरांनी त्यांना मध्येच धरलं.

"पाया कशाला पडायलाव? मी चुकीचं कॉलेज सांगितलं तुमाला."

"सर, पोरगी पास झाली," वडील म्हणाले.

"ती पास झाली म्हणून माझं बरोबर होत न्हाई. पुण्याला गेली असती तर आज..."

"सर," मुलगी मध्येच म्हणाली. आवाज चढला होता. वडिलांनी तिच्याकडे बघितलं, पण ती थांबली नाही. "दर वेळी तुम्ही हेच म्हणता. माझं चुकलं, माझं चुकलं. मग मी जी चार वर्षं काढली ती काय? ती पण चुकीची का? मी त्या कॉलेजात स्वतः गेले सर. पाना मी दिला होता. माझ्या मनानं दिला होता."

सरांच्या हातात पेढा होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

सर म्हणाले, "न्हाई. ती तुझी हायत." मग पेढा खाल्ला, हात पुसले आणि विचारलं, "शेवटच्या सेमिस्टरला काय होतं तुला? ते मी शिकवलं न्हाई. मला येतच न्हवतं."

"प्रोटेक्शन. रिले वगैरे."

"सांग मला."

तिला वाटलं, ते तिचा मान राखायला विचारतायत. पण त्यांनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला. मग तीही सावरून बसली. पेढ्यांच्या पुड्याचा कागद उलटा करून त्यावर लाइन काढली, रिले काढला, ब्रेकर काढला. लाइनवर काही बिघडलं की रिलेला कसं कळतं आणि तो ब्रेकरला सांगून लाइन कशी तोडतो, ते सांगू लागली. सर मध्ये मध्ये थांबवत होते, परत विचारत होते. एक गोष्ट तिला तीनदा सांगावी लागली. ती न कंटाळता सांगत होती.

"आन् काही बिघडलेलंच न्हाई, तरी त्यानं चुकून तोडली तर?" सरांनी विचारलं.

"होतं तसं कधी कधी."

"मग?"

"मग माणूस पाठवायचा सर. तो सगळी लाइन चालत जाऊन बघून येतो. ठीक असली की परत जोडायची."

आतापर्यंत गप्प बसलेले तिचे वडील खुर्चीत पुढे सरकले.

"तो माणूस म्हणजे मी, सर," ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी आम्ही सगळे हसलो.